‘नेटवर्क’मधील डायना : अधिकार कोणाचा, आरोप कोणावर?

‘नेटवर्क’ हा अमेरिकन चित्रपट १९७६ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. पटकथा पॅडी चायेफ्स्की यांची, दिग्दर्शन सिडनी ल्यूमेट यांचे. पुढील वर्षी त्यास चार ऑस्कर पारितोषिके मिळाली व त्यांपैकी तीन अभिनयाची होती. दूरचित्रवाणीच्या भावी अधःपाताचे भविष्य या चित्रपटाने वर्तविले, असे त्याच्याविषयी नेहमी सांगितले जाते, व ते खोटे नाही. परंतु आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो त्यातील डायना ख्रिस्टेन्सेन या स्त्रीचा.

आमच्या येथील काही शिक्षकमंडळींनी अलीकडे हा चित्रपट एकत्र बसून पाहिला. तो संपताच डायनाविषयी जे शब्द निघाले, त्यांत ‘कैदाशीण’ हा त्यातल्या त्यात सौम्य होता, आणि तो आमच्याच तोंडचा होता. तेवढ्यात एका शिक्षिकाबाईंनी विचारले, “पण तिला हे सारे करू दिले कोणी?” आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. म्हणून आम्ही चित्रपट पुन्हा पाहिला. त्या दुसऱ्या पाहण्यात जे दिसले, ते येथे मांडीत आहोत.

कथानक थोडक्यात असे. यू.बी.एस. या काल्पनिक दूरचित्रवाणी कंपनीत हॉवर्ड बील हा जुना वृत्तनिवेदक आहे. त्याचे रेटिंग उतरल्याने त्यास नारळ मिळतो. तेव्हा आपण आठवड्याने याच कार्यक्रमात आत्महत्या करणार, असे तो बातम्या देता देता जाहीर करतो. गहजब होतो, आणि रेटिंग चढते. कार्यक्रम विभागाची प्रमुख डायना ही संधी ओळखते, आणि भ्रमिष्ट होत चाललेल्या या माणसास ‘प्रेषित’ बनवून रोज लोकांपुढे उभे करते. वृत्तविभागाचा प्रमुख मॅक्स शूमाखर हा बीलचा जिवलग मित्र. विवाहित असूनही तो डायनाच्या प्रेमात सापडतो.

रेटिंग म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेत त्या काळी नील्सन ही कंपनी काही निवडक घरांत कोणता कार्यक्रम पाहिला जातो याची नोंद घेत असे, व त्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधीत असे. जाहिरातीचा दर त्या आकड्यावर ठरे. म्हणजे वृत्तनिवेदकाची विद्वत्ता, सचोटी, अनुभव या साऱ्यांची किंमत शेवटी एका आकड्यात व्यक्त होई. डायनाचा सारा अधिकार या आकड्यावर उभा आहे. तीस घराण्याचे पाठबळ नाही, मालकीचा भाग नाही, जुन्या मित्रमंडळींचा गोतावळा नाही. याच वर्षी, १९७६ च्या ऑक्टोबरात, बार्बरा वॉल्टर्स या ए.बी.सी.च्या सायंकाळच्या बातम्यांच्या सहनिवेदिका झाल्या. अमेरिकेच्या मोठ्या वाहिन्यांत स्त्रीस हे स्थान मिळण्याची ती पहिलीच वेळ. हे ध्यानी घेतले म्हणजे डायना आकड्यांना इतकी का चिकटून राहते, ते उमगते. आकडा पुरुष-स्त्री पाहत नाही.

फे डनवे यांनी ही भूमिका केली आहे. ल्यूमेट यांनी आपल्या पुस्तकात एक आठवण दिली आहे. भूमिकेविषयी बोलावयास ते डनवे यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी आरंभीच बजावले, की या स्त्रीच्या मनाचा हळवा कोपरा कोठे आहे असे मला विचारू नका, तो नाहीच. एरवी कोणतीही नटी अशा भूमिकेत एखादा अश्रू चोरून घालील. डनवे यांनी तो घातला नाही. मॅक्सबरोबर ती समुद्रकाठी सुटी घालवावयास जाते, तो प्रसंग पाहावा. वाटेत, भोजनाच्या वेळी, एकांतातही तिच्या तोंडी कार्यक्रम, करार आणि आकडे यांखेरीज दुसरा विषय नाही. प्रेक्षक हसतो. दुसऱ्या वेळी पाहताना आम्हांस हसू आले नाही. ज्याला एक क्षणही खाली बसण्याची मुभा नाही, अशा माणसाचे ते बोलणे आहे.

आता मॅक्सकडे वळू. तो डायनास सोडून जातो, त्या वेळी तिचे दीर्घ वाभाडे काढतो : ती म्हणजे मूर्तिमंत दूरचित्रवाणी, तिच्या स्पर्शाने सारे निर्जीव होते, इत्यादी. भाषण प्रभावी आहे आणि पटकथाकाराची सहानुभूती उघडच त्याच्या बाजूची आहे. पण हा न्यायाधीश कोण? बीलचा तोल गेलेला असताना त्यास पडद्यावर बोलू देणारा पहिला माणूस मॅक्सच होता. कंपनीने आपले अधिकार काढून घेतल्याच्या रागात त्याने तसे केले होते. पत्नीचा पंचवीस वर्षांचा संसारही त्यानेच मोडला. ती पत्नी लुईझ. बिअॅट्रिस स्ट्रेट यांनी पडद्यावर जेमतेम पाच-सहा मिनिटांत ती उभी केली, आणि त्याबद्दल त्यांस पारितोषिक मिळाले. पतीने प्रेमाची कबुली दिल्यावर ती प्रथम संतापते व मग रडते. तिच्या हक्काचा आदर तरी ठेवावा, एवढेच तिचे मागणे. चित्रपटात न्याय मागण्याचा अधिकार कोणास असेल तर तो तीस. तो बजावतो मात्र मॅक्स.

मराठी वाचकास येथे तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची आठवण व्हावी. तेथेही खेळ म्हणून मांडलेल्या न्यायालयात शिक्षिका बेणारे हिच्यावर खराखुरा निवाडा होतो, आणि न्यायासनावर बसणाऱ्यांचे स्वतःचे हात तपासण्याची कोणास गरज वाटत नाही. दोन्ही स्त्रियांत साम्य नाही. बेणारे दुखावलेली आहे, डायना दुखावणारी. साम्य आहे ते निवाडा करणाऱ्यांत.

चित्रपटाचा खरा सत्ताधीश आर्थर जेन्सन हा आहे. यू.बी.एस. ज्या अवाढव्य उद्योगसमूहाच्या मालकीची, त्याचा तो अध्यक्ष. त्या समूहाची सौदी पैशाने खरेदी होणार, हे बील पडद्यावर बोभाटा करून थांबवितो, तेव्हा जेन्सन त्यास बोलावून घेतो. लांबलचक टेबल, त्यावर ओळीने हिरवे दिवे, आणि दूरच्या टोकाला उभा राहून मेघगर्जनेसारखा बोलणारा हा गृहस्थ. राष्ट्रे उरली नाहीत, उरले ते उद्योगसमूह, हा त्याचा उपदेश. बील तेच लोकांना सांगू लागतो, लोक कंटाळतात, आकडा कोसळतो. डायना त्यास काढावयास निघते, आणि जेन्सन नाही म्हणतो!

हा नकार म्हणजे आमच्या मते चित्रपटाची किल्ली होय. जिचा अधिकार आकड्यावर उभा, तिला आकडा सोबत असूनही एक कार्यक्रम बंद करता येत नाही. मग रात्री कंपनीचा अधिकारी हॅकेट याच्या दालनात बैठक बसते. आपल्याच एका कार्यक्रमातील दहशतवादी टोळीकडून बीलला ठार करवावे, असे तेथे ठरते. उपाय डायना सुचविते, हे खरे. पण बाकीच्यांपैकी एकही जण खुर्ची मागे सारून उठत नाही. चर्चा एखाद्या शाळेच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या शांतपणाने चालते. (शाळेच्या अंदाजपत्रकाची चर्चा, खरे सांगावयाचे तर, पुष्कळदा याहून गरम असते.)

या टोळीशी संबंध जोडून देणारी लॉरीन हॉब्ज ही कृष्णवर्णी साम्यवादी स्त्रीही विसरू नये. ती क्रांतीची भाषा बोलत येते आणि थोड्याच दिवसांत कराराच्या कलमांवरून वितरणखर्चाचा हिशेब मोठ्या आवाजात मांडताना दिसते. तिचा प्रसंग विनोदी आहे. परंतु कंपनी माणसास वाकविते ती लाथ मारून नव्हे, तर भागीदार करून, हे त्याइतके नेमके अन्यत्र कोठे दाखविलेले नाही.

घरी आल्यावर आम्ही जुने गोपनीय शेरे काढून पाहिले. एका तरुण शिक्षकाने जिल्ह्याच्या परीक्षामंडळावर जाण्याचा आग्रह धरला होता. त्याच्या शेऱ्यात आमच्या हाताने ‘होतकरू’ असे लिहिले आहे. त्याच वर्षी एका शिक्षिकेने पर्यवेक्षकपदासाठी अर्ज केला. तिच्या शेऱ्यात ‘महत्त्वाकांक्षी; सहकाऱ्यांशी जुळवून घेणे आवश्यक’ असे आहे. तिचे सहकाऱ्यांशी काही बिनसले होते, असे आम्हांस स्मरत नाही. पर्यवेक्षकपद तिला मिळाले नाही. कोश पाहिला तर ‘महत्त्वाकांक्षा’ या शब्दात दोष कोठेच नाही. तो आम्ही लिहिताना घातला.

ज्या बाईंनी तो प्रश्न विचारला होता, त्यांस आम्ही हे सांगितले. त्या हसल्या व म्हणाल्या, “शेवटचे दृश्य पुन्हा पाहा.” पाहिले. बील रंगमंचावर गोळ्या लागून पडतो, चार पडद्यांवर बातम्या आणि जाहिराती एकदम सुरू होतात, आणि एक पुरुषी आवाज मृत्यूचे कारण रेटिंग असे सांगतो. त्या आवाजात डायनाचे नाव नाही. जेन्सनचेही नाही.