बियाणे आधी बाजूला काढावे



आम्ही डॉक्टर नव्हेत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या अर्जांबरोबर झाले. तरी आज या विषयावर उभे राहिलो त्यास कारण आहे. आमच्या एका सभासदाची एकोणीस वर्षांची मुलगी कर्करोगातून वाचली. साऱ्या चाळीने पेढे वाटले. दोन वर्षांनी कळले की, तिची पाळी कायमची थांबली आहे. "हे आम्हाला आधी का सांगितले नाही?" या बापाच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधताना जे समजले, ते येथे मांडतो.

प्रथम नुकसान कसे होते ते पाहू. कामगाराच्या फंडात दरमहा भर पडते. स्त्रीबीजांच्या फंडात मात्र भर नाही, नुसती उचल आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा-वीस लाख बीजे असतात. ती वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. कर्करोगावरील काही औषधे, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइडच्या वर्गातली, आणि ओटीपोटावरील किरणोपचार ही शिल्लक झपाट्याने संपवितात.

मग उपाय काय? दुष्काळातही शेतकरी बियाणे आधी बाजूला काढतो, तोच. उपचार सुरू होण्यापूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने एक अंडाशय किंवा त्याचा भाग काढून घेतात. बीजे त्याच्या बाहेरच्या थरात असतात. त्या थराचे सुमारे एक मिलिमीटर जाडीचे तुकडे करतात. ते तसेच गोठविले तर आतील पाण्याचे बर्फ होऊन पेशी फुटतील. १९४९ साली लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी दाखवून दिले की, ग्लिसरीन मिसळले तर कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राहतात. त्याच तत्त्वाने हे तुकडे संरक्षक द्रव्यात ठेवून सावकाश थंड करतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे सांभाळतात. रोग बरा झाल्यावर ते परत शरीरात बसवितात. त्यांत नव्या रक्तवाहिन्या येतात आणि साधारण चार-सहा महिन्यांत पाळी सुरू होऊ शकते.

हे निव्वळ पुस्तकी नाही. १९९४ साली एडिंबरो येथे मेंढीवर प्रयोग यशस्वी झाला. ब्रुसेल्समध्ये हॉजकिन्सचा कर्करोग झालेल्या एका तरुणीचे तुकडे १९९७ साली गोठविले होते. डॉक्टर जाक डोनेझ यांनी २००३ मध्ये ते परत बसविले आणि सप्टेंबर २००४ मध्ये तिला कन्या झाली. त्यानंतर जगात या मार्गाने दोनशेहून अधिक मुले जन्मली आहेत.

आता मर्यादाही सांगतो, कारण खोटी आशा हीदेखील फसवणूकच. तुकडे बसविलेल्या सर्वच स्त्रियांना मूल होते असे नाही. साधारण तीन-चारजणींत एकीला होते. वय वाढले की बीजे कमी असतात आणि आशाही कमी होते. रक्ताच्या कर्करोगात तुकड्यांबरोबर रोगाच्या पेशी परत जाण्याचा धोका असतो. स्त्रीबीजे गोठविण्याचा मार्गही आहे. पण त्याला सुमारे दोन आठवडे इंजेक्शने घ्यावी लागतात. ज्या रुग्णाला तेवढी सवड नाही, तिला ऊती गोठविणे सोयीचे. आणि जी मुलगी अजून वयातच आलेली नाही, तिच्यासाठी दुसरा मार्गच नाही.

मूल नसलेली स्त्री उणी, असे आम्ही मानीत नाही. एखादी म्हणेल, "मला हे नको." तो तिचा हक्क. परंतु नाही म्हणण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी विचारले पाहिजे. कारखाना बंद करण्यापूर्वी कामगाराला नोटीस मिळावी म्हणून आम्ही जन्मभर भांडलो. या मुलींनाही तेवढी नोटीस मिळावी. म्हणून आपल्या घरात हा प्रसंग आला, तर औषधाची पहिली बाटली लागण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारा: "हिच्या पुढच्या मातृत्वाचे काय?" खर्चाचा झगडा पुढे आहेच, तो आपण मिळून लढू. पण बाटली लागल्यावर विचारलेल्या प्रश्नाचा उपयोग फार थोडा उरतो.