जात्याशी बोललेलं

सासरी सुनेला मन मोकळं करायला जागा नव्हती. दिवसभर घर माणसांनी भरलेलं, रात्री अंग मोडून आलेलं. तिची जागा होती पहाटेच्या अंधारात, जात्यापाशी. माहेरची ओढ, गेलेलं मूल, नवऱ्याचा मार. सासूसमोर ज्याचा उच्चारही झाला नसता ते ती ओवीत गायची. खुंट्याला दुसरा हात लावून समोर बसलेली जाऊ ऐकायची आणि मग आपली ओवी लावायची.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या 1 हजाराहून अधिक गावांतून 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. जरूर ऐका.

मनाला यातून काय मिळत असेल? गाताना श्वास पटकन घेतला जातो आणि सावकाश सुटतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून लांबवलेला श्वास जीव थाऱ्यावर आणतो. मला त्याहून मोलाचं वाटतं ते ओवीचं माप. काळजी डोक्यात गरगरत राहते, तिला शेवट नसतो. ओवी मात्र संपते.

दुःख शब्दांत मांडण्यावर एक प्रयोगही झाला आहे. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी काही विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत जिव्हारी लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. लिहून उठताना मुलं जास्तच उदास होती. पण घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणारी मुलं पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा दवाखान्यात कमी वेळा गेली. म्हणजे आधी रडू येतं. जात्यावरही यायचंच.

गिरणी आली हे फार चांगलं झालं. दळणाने बायकांची हाडं झिजली होती. जातं परत नकोच. पण कणीक मळताना, मेथी निवडताना हात आजही एका लयीत चालतात. तेव्हा जे सलतंय त्याच्या दोन ओळी करून बघा, यमक नाही जुळलं तरी चालेल. झोप, भूक उडून आठवडे झाले असतील, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र ओळींवर थांबू नका. डॉक्टर गाठा किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.

आणि मेथीची दुसरी जुडी समोरच्याच्या हाती द्या. त्याला आधीच सांगा, सल्ला नको, नुसतं ऐक.