कारभाराचे एक वर्ष

एन्स्खेडे (नेदरलँड्स) : नायमेगेनहून मध्यरात्री सुटणारी ‘बाताफिरेनरेस’ दुसऱ्या दिवशी इथे त्वेन्टे विद्यापीठाच्या आवारात संपते. अंतर सुमारे 175 किलोमीटर, टप्पे 25, काही वाट जर्मनीतून. 1973 पासून चाललेल्या या शर्यतीत हजारो विद्यार्थी धावतात आणि तिचा सगळा घाट घालतात तेही विद्यार्थीच. अंधारात शेतांमधल्या रस्त्यावर धावणाऱ्याला संघातल्या सायकलस्वाराची सोबत असते. चौकात चमकते जाकीट घातलेली विशीतली मुलगी वॉकीटॉकी कानाला लावून उभी असते. गावोगावच्या परवानग्या, प्रथमोपचार, विमा, प्रायोजक, सगळे याच वयाच्या मुलांनी महिनोन्‌महिने खपून जमवलेले.

मग ही मुले अभ्यास कधी करतात? पुष्कळजण त्या काळात करतच नाहीत. संघटनेचा किंवा मोठ्या उपक्रमाचा कारभार वर्षभर सांभाळायचा आणि मग पुन्हा वर्गात बसायचे, ही इथली रुळलेली रीत आहे. तिला ‘बेस्त्यूर्सयार’ म्हणतात. त्यापायी पदवी लांबली तर मदत करण्यासाठी प्रत्येक विद्यापीठाला कायद्यानेच निधी ठेवावा लागतो.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की मुलांचा वेळ विद्यापीठ हिशेबात धरते. आपल्याकडे गॅदरिंगचा जी. एस. रात्री जागून राबतो, पण चेकवर सही सरांची असते आणि हजेरी कमी पडली की निस्तरायचे त्याने. इथे अंदाजपत्रक मुलेच मांडतात. तूट आली तर विद्यार्थी खजिनदाराला सभासदांच्या सभेत उभे राहून खर्च का वाढला ते सांगावे लागते. भिडस्त मुलगा अशा दोन सभांत बोलायला शिकतो. ते कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात होत नाही. वर्ष सरले की नव्या मंडळाला सारे समजावून देऊन खुर्ची सोडायची, हेही शिक्षणच.

मात्र मदत तुटपुंजी आहे. 2015 मध्ये सरकारने नव्या विद्यार्थ्यांचे सरसकट अनुदान बंद करून कर्जाची पद्धत आणली, तेव्हा पदांसाठी मुले मिळेनात अशी संघटनांची ओरड सुरू झाली. 2023 मध्ये अनुदान परतले, पण घरभाडी चढलेलीच आहेत. घरचा टेकू असलेल्यालाच असे वर्ष परवडते. विद्यापीठाच्या मदतीची रक्कम वाढलीच पाहिजे.

पुण्या-नागपूरहून इथे येणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. भरमसाट फी भरायची आणि निवासपरवाना टिकवायला दरवर्षी निम्मे तरी क्रेडिट मिळवायचे. त्यामुळे अख्खे वर्ष देणे त्यांना जड जाते. संध्याकाळच्या छोट्या समित्यांवर भागवावे लागते.