परदेशातील खरेदी (लेखांक ५) : पार्सल कोणाच्या हवाली करावे?

गेल्या लेखांकात विक्रेत्याची पारख कशी करावी आणि परकीय चलनात रक्कम कशी चुकती करावी, यांचा विचार झाला. तेथे व्यवहार पुरा झाला असे वाटते खरे. परंतु पैसे भरण्याच्या त्याच पानावर, माल कोणत्या मार्गाने मागवावयाचा, हा प्रश्न उभा असतो, आणि बहुतेक ग्राहक किती दिवस लागतील व किती पैसे पडतील एवढेच पाहून त्याचा निकाल लावून टाकतात. माझ्या मते दिवस आणि दाम या दोन्ही गोष्टी दुय्यम होत. प्रथम पाहावयाचे ते हे की, आपला माल भारताच्या सरहद्दीवर येऊन ठेपल्यावर जकात अधिकाऱ्यापुढे तो कोण रुजू करणार आहे : दोन राष्ट्रांच्या करारमदाराने बांधलेले टपाल खाते, की आपला मुखत्यार म्हणून उभी राहणारी खाजगी कुरिअर कंपनी? खर्च, विलंब, तक्रारीची दाद, पावती या साऱ्या गोष्टी या एका निवडीमागोमाग येतात.

विषय हवेत राहू नये म्हणून जपानचे उदाहरण घेऊ. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सा, शाईची पेने, मुद्राचित्रांचे ग्रंथ यांच्या शोधात असणाऱ्या आपल्याकडील मंडळींची दृष्टी अलीकडे हटकून तिकडे वळते. तेथील लिलावांत माल विकणारे बहुसंख्य लोक परदेशी पार्सल धाडण्याच्या भानगडीत पडत नाहीत. म्हणून झेनमार्केटसारखा एखादा मध्यस्थ आपल्या वतीने बोली लावतो, माल स्वतःच्या वखारीत उतरवून घेतो, निरनिराळ्या विक्रेत्यांकडून आलेल्या वस्तू सांगितल्यास एकाच खोक्यात बांधतो, आणि मग वजन करून आपल्यापुढे मार्गांची यादी ठेवतो. तीत जपानी टपाल खात्याची ईएमएस ही शीघ्रसेवा असते, साधे हवाई टपाल असते, आगबोटीचे टपाल असते आणि एकदोन कुरिअर कंपन्याही असतात. बोटीची सावकाशी आणि विमानाची घाई यांच्या मधोमध बसणारी, विमानात जागा उरेल तेव्हा माल नेणारी 'सॅल' नावाची एक स्वस्त सेवा पूर्वी जपानात होती, व आमच्यासारख्या बेताच्या खिशाच्या ग्राहकांचा मोठा ओढा तिच्याकडे असे; परंतु २०२० साली महामारीत विमाने जमिनीवर बसली तेव्हा ती स्थगित झाली.

टपालाची सारी इमारत ज्या पायावर उभी आहे तो करार ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे बावीस राष्ट्रांनी केला, आणि त्यातून जन्मलेल्या संघटनेत, म्हणजे आजच्या विश्व डाक संघात, हिंदुस्थान १८७६ साली सामील झाला. या कराराचे सार असे की, एका देशाने स्वीकारलेले टपाल दुसऱ्या देशाने आपलेच मानून घरपोच करावे, आणि त्याबद्दलचा हिशेब दोन्ही खात्यांनी आपसांत मिटवावा. टोकियोत चढलेले आपले पार्सल मुंबईत उतरताच भारतीय टपाल खात्याचे होते ते यामुळेच. आणि तेथून पुढे जपानी खात्याला विचारणा करण्याचा उपयोग मर्यादित, ही गोष्टही याच व्यवस्थेतून निघते. या आपसांतील हिशेबाचे दर काही देशांना, विशेषतः अमेरिकेला, अन्यायाचे वाटू लागल्याने २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हा येथे संघाचे खास अधिवेशन भरले व दर वाढविण्याची मुभा देण्यात आली. नगण्य टपालहशिलात जगभर फिरणाऱ्या लहानसहान पुड्यांचा काळ तेव्हापासून ओसरू लागला.

याच संघाने पार्सलाच्या क्रमांकाची जी धाटणी ठरवून दिली आहे, ती प्रत्येक ग्राहकाने एकदा डोळ्यांखालून घालावी. आरंभी दोन अक्षरे, मध्ये नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे, असे हे तेरा चिन्हांचे प्रकरण असते. पहिले अक्षर 'ई' असेल तर शीघ्रसेवा, 'सी' असेल तर पार्सल, 'आर' असेल तर नोंदणीकृत टपाल. शेवटी 'जेपी' असेल तर उगम जपानात, 'जीबी' असेल तर ब्रिटनमध्ये. नऊ अंकांपैकी शेवटचा अंक पहिल्या आठांची साक्ष देण्यासाठी असतो. त्या आठांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी, तिला ११ ने भागावे आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करावी. समजा, अंक १२३४५६७८ असे आहेत. बेरीज २०४ येते, बाकी ६ उरते आणि नववा अंक ५ ठरतो. (उत्तर १० आले तर ० आणि ११ आले तर ५ लिहितात.) विक्रेत्याने कळविलेला क्रमांक या कसोटीस उतरला नाही, तर तो उतरवून घेण्यात चूक झाली आहे किंवा तो कल्पित आहे, असे खुशाल समजावे. नुसत्या कागद-पेन्सिलीने होणारी ही तपासणी माझ्या फार आवडीची आहे.

आता जकातीकडे वळू. महाराष्ट्राचे परदेशी टपाल मुख्यतः मुंबईच्या विदेश डाकघराच्या कक्षेत येते, आणि त्याचे ठाणे बॅलार्ड इस्टेटीत आहे. जवळच्याच बॅलार्ड पिअरला पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींतून एके काळी विलायती टपाल उतरत असे. आता ते विमानाने येते, तरी दफ्तराने जुनी वस्ती सोडलेली नाही. येथे जकात खात्याचे अधिकारी खोक्यावर चिकटविलेले निवेदनपत्र वाचतात, संशय आल्यास खोके उघडतात व जकात ठरवितात; ती रक्कम नंतर पोस्टमन दारात वसूल करून पावती देतो. किमतीविषयी शंका असल्यास बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा मागणारे पत्र येते, आणि मुदतीत उत्तर न गेल्यास पार्सल आल्या वाटेने परत जाते. टपालाचा दोष असा की, या टप्प्यावर खोक्याची बाजू मांडणारे तेथे कोणी नसते. गुण असा की, मध्यस्थाची दलालीही नसते.

कुरिअर कंपनीची रीत निराळी. माल विमानात चढतो न चढतो तोच तिचा निरोप येतो : आधार किंवा पॅनची प्रत धाडा, जकातीपुढे आपल्या वतीने उभे राहण्याचे अधिकारपत्र द्या, मालाचे वर्णन नक्की करा. हे कागद वेळेवर पोहोचले तर माल दोनतीन दिवसांत सुटतो. जकात कंपनी स्वतः भरते व नंतर आपल्याकडून वसूल करते, आणि या उपकाराबद्दल स्वतःचा आकार व त्या आकारावरील कर बिलात जोडते. महागड्या वस्तूच्या बाबतीत हा आकार खटकत नाही. हजार-दीड हजाराच्या वस्तूवर मात्र तो फार बोचतो.

भाड्यावरही जकात लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. आकारणी वस्तूची किंमत, विमा आणि वाहतूक या तिन्हींच्या बेरजेवर होते. मात्र हवाई मार्गाने आलेल्या मालाचे भाडे वस्तूच्या मूळ किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरू नये, असा २००७ च्या मूल्यांकन नियमांत दंडक आहे. म्हणजे दहा हजारांच्या लेन्सवर पाच हजार भाडे पडले, तरी हिशेबात दोन हजारच यावयास हवेत; कुरिअरच्या बिलात तसे नसेल तर लेखी खुलासा मागावा. २०१८ नंतर कित्येक वर्षे वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर १० टक्के मूळ जकात, त्या जकातीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सर्व बेरजेवर २८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर, अशी मांडणी होती, आणि शंभर रुपयांच्या मालावर ४२ रुपये ८ पैसे द्यावे लागत. हे दर अर्थसंकल्पागणिक हलतात. खरेदीपूर्वी चालू दर पाहून घ्यावा.

विक्रेता कधी कधी सौजन्याने विचारतो : "भेटवस्तू म्हणून लिहू का? किंमत कमी दाखवू का?" दोन्हींना स्वच्छ नकार द्यावा. भेट म्हणून जकातमाफी मागून टपालाने वा कुरिअरने माल आणण्यास राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता डिसेंबर २०१९ पासून बंदी आहे. आणि कमी दाखविलेल्या किमतीचे पार्सल गहाळ झाले, तर भरपाईही त्या खोट्या किमतीइतकीच मिळते.

वजनाविषयीही दोन पंथ आहेत. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतील जे अधिक ते धरतात; लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागण्याचा शिरस्ता आहे. ४० × ३० × २५ च्या खोक्यात दोन किलोचा दिवा असला तरी भाडे सहा किलोंचे पडते. ३० × २२ × १५ च्या खोक्याचे आकारमानी वजन दोन किलोही भरत नाही. पण त्यात ग्रंथ ठासून भरले तर प्रत्यक्ष वजन त्याच्या तिप्पट होते, आणि तेच मोजले जाते. जपानी ईएमएसमध्ये काट्यावरचे वजन धरतात. म्हणून हलक्या पण ऐसपैस वस्तूंना टपालच परवडते.

ग्रंथांना घाई नसते. त्यांना मी नेहमी आगबोटीने बोलावतो. जपानातून दोन ते तीन महिने लागतात, पण भाड्यात होणारी बचत आणखी एका ग्रंथाची सोय करते. आतून प्लॅस्टिकचे वेष्टन घालावयास मात्र आवर्जून सांगावे. पावसाळ्यात मुंबईत उतरणाऱ्या कागदाची दैना कोणी निराळी सांगावयास नको. ब्रिटनच्या रॉयल मेलपाशीही अशी सावकाश सेवा आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने मात्र १४ मे २००७ रोजी आपली आंतरराष्ट्रीय भू-समुद्र सेवा बंद केली, त्यामुळे तिकडच्या जुन्या ग्रंथांचे भाडे पुष्कळदा ग्रंथाच्या किमतीवर चढते. याउलट सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि अत्तरे हवाई टपालात नाकारली जातात. तेव्हा खोक्यात काय जाणार याची यादी मध्यस्थाकडून आधी मागून घ्यावी.

माझा कौल असा : फुटण्याजोगी, दुर्मीळ आणि पंचवीसतीस हजारांच्या वरची वस्तू कुरिअरने, तीही विम्यासह, ग्रंथ बोटीने, आणि या दोहोंच्या मधले जवळजवळ सारे ईएमएसने, कारण तीत २०,००० येनपर्यंतच्या भरपाईची हमी भाड्यातच अंतर्भूत असते व अधिक किमतीसाठी थोडे पैसे भरून ती वाढविता येते. क्रमांक नसलेले साधे टपाल, वस्तू हरवली तरी हळहळ वाटणार नाही अशाच वेळी निवडावे.

पुढील लेखांकात जकातीच्या पावतीवरील रकाने एकेक करून वाचावयाचे आहेत. ज्या वाचकांपाशी अशी एखादी पावती असेल, टपालाची वा कुरिअरची, त्यांनी ती तोवर जपून ठेवावी आणि लेख वाचताना समोर घ्यावी.