लेखमाला ‘मुलांचे दात’, भाग ५ : हिरडीखाली आधीच ठरलेलं

कोकणात बाळाचा पहिला दात वरच्या हिरडीत दिसला, तर तो मामाला जड जातो असं म्हणतात. मामाचं काय व्हायचं ते होवो, बाळाचं काहीच बिघडलेलं नसतं. जन्मतःच दात असेल तर घर जास्त घाबरतं. पण बहुतेक वेळा हा जादा दात नसतो. दुधाचा, खालचा पटाशीचा दातच वेळेआधी वर आलेला असतो. तो इतका हलत असेल की श्वासनलिकेत जाण्याची भीती आहे, किंवा बाळाच्या जिभेखाली जखम होतेय, तरच उपाय करायचा. काढायचाच ठरला, तर जन्मानंतरचं व्हिटॅमिन ‘के’चं इंजेक्शन मिळालंय का ते आधी विचारायचं, कारण त्यावर रक्त थांबणं अवलंबून असतं.

दाताची घडण गर्भातल्या सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सुरू होते. कायमच्या पहिल्या दाढेवर एनॅमल चढायला लागतं ते जन्माच्या आसपास, आणि ते काम साधारण तीन वर्षं चालतं. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपून जातात. त्यामुळे त्या काळात राहिलेली उणीव शरीर पुढे भरून काढू शकत नाही. खारेपाटणला सापडलेला रट्टराज शिलाहाराचा १००८ सालचा ताम्रपट बाळशास्त्री जांभेकरांनी वाचून प्रसिद्ध केला. एनॅमलचंही त्या तांब्यासारखंच आहे, कोरलं गेलं ते गेलं. फरक इतकाच, की इथे कोरणारा कोण हे बऱ्याचदा कळत नाही.

याचं रोज दिसणारं उदाहरण म्हणजे सहाव्या वर्षी येणारी दाढ. ती दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते. काही मुलांत ती पिवळट-तपकिरी, खडूसारखी भुसभुशीत निघते, पुढच्या दातांवरही डाग असतात. गार पाणी लागलं की कळ येते, म्हणून मूल तिथे ब्रश लावत नाही आणि एकाच बाजूने चावतं. मग दाढ किडते आणि बोलणी बसतात चॉकलेटला. अशा दाढेत बधिर करण्याचं इंजेक्शनही कधीकधी नीट चढत नाही, त्यामुळे मूल रडलं की ‘नाटकी’ ठरतं, हे मला फार अन्यायाचं वाटतं. लवकर दाखवलं तर फ्लोराइडचा लेप, खाचा बुजवणं किंवा स्टीलची टोपी यावर भागतं. फारच खचलेली दाढ योग्य वयात ठरवून काढली, तर मागची दाढ पुढे सरकून ती जागा भरू शकते.

डाग दिसला की पाण्यातल्या फ्लोराइडकडे बोट दाखवायचीही घाई होते. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यामुळे ते खरं आहे. तिथे डाग घराघरांतल्या मुलांना दिसतात. एकाच मुलाच्या एक-दोन दातांवर डाग असेल, तर कारण दुसरं शोधावं.

काही वेळा दात घडतच नाही. डार्विनने १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत छापली. वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी ती त्याला कळवली होती. चार पिढ्यांत दहा पुरुष असे झाले, की ज्यांना दोन्ही जबड्यांत मिळून चार बारके पटाशीचे दात आणि आठ दाढा, अंगावर केस तुरळक, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात कोरड्या कातडीचा मोठा त्रास. मुलींना काही होत नसे, पण त्यांच्या मुलग्यांत तेच पुन्हा दिसे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. हा दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाचा, हे १९९६ साली निश्चित झालं.

अशा मुलांना घाम येत नाही, किंवा अगदी कमी येतो. वैशाखात बाळाला पुन्हापुन्हा ताप चढतोय, कारण सापडत नाही, दीड वर्षं झालं तरी दाताचा पत्ता नाही, केस विरळ आहेत, तर या तीन गोष्टी डॉक्टरांना एका दमात सांगा. आईचा एखादा दात टोकेरी किंवा कमी असेल, तर तेही सांगा. ओला पंचा आणि पंखा हे या मुलांचं औषधच आहे. तीन-चार वर्षांचं असतानाही मुलाला कवळी देता येते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते, आणि इम्प्लांट वाढ पूर्ण झाल्यावरच.

एखाद-दुसरा दात न येणं मात्र अजिबात दुर्मीळ नाही. बहुधा वरचा, मधल्या दोघांच्या बाजूचा पटाशीचा, नाहीतर खालची दुसरी उपदाढ. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात घट्ट बसलेला दिसला, तर एक्स-रेशिवाय उपटू देऊ नका. खाली कायमचा दात नसेल, तर हाच दात पुढे कित्येक वर्षं चालवता येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. खारेपाटणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. गुंतागुंतीचं काम असेल तर गोव्यात बांबोळीला दंत महाविद्यालय आहे. जाताना जुने एक्स-रे सोबत न्या. पुढच्या आठवड्यात जादा दातांविषयी.