सरडा गेला, त्याचं दुःख कसलं?

संध्याकाळी लांब जीभ फेकून रातकिडा मटकावणारा शॅमेलिऑन सकाळी फांदीखाली निपचित पडलेला दिसतो. अमेरिकेत हा प्राणी हौसेने पाळणाऱ्या घरांना असा प्रसंग नवा नाही. मूळचा येमेन आणि सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच तुरा असलेला 'व्हेल्ड शॅमेलिऑन' तिथे बराच लोकप्रिय आहे. नीट निगा राखली तरी त्याचं आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचं असतं, आणि मादीचं त्याहून कमी.

पाळणाऱ्याला पहिला धक्का मृत्यूचा बसतो, दुसरा लोकांच्या बोलण्याचा. कुत्रं गेलं तर शेजारी विचारपूस करतात. सरडा गेला म्हटलं की हसतात. समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकाचा अभ्यास अमेरिकेतील केनेथ डोका यांनी केला आणि १९८९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. असं दुःख कमी नसतं, फक्त ते बोलून दाखवायला जागा नसते. रोज पानांवर पाणी फवारणं, दिवा लावणं, किडे पुरवणं यात माणसाचा दिवस बांधला गेलेला असतो. तो क्रम एका सकाळी तुटतो.

मग सुरू होतो अपराधीपणा. 'काल तर ठीक होता, माझ्या लक्षात कसं आलं नाही?' याचं उत्तर त्या प्राण्याच्या स्वभावात आहे. जंगलात अशक्त दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या तोंडी आधी जातो, म्हणून शॅमेलिऑन आजार शेवटपर्यंत लपवतो. आपल्याला 'अचानक' वाटणारा मृत्यू अनेकदा कित्येक आठवडे आधी सुरू झालेला असतो. अतिनील किरणांचा दिवा जुना झाला, कॅल्शियम कमी पडलं, तर हाडं ठिसूळ होतात. वाटीतलं पाणी बहुतेक शॅमेलिऑन पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात. त्यामुळे शरीरातलं पाणी नकळत घटतं. मादी नराशिवायही अंडी घालते आणि उकरायला ओलसर माती मिळाली नाही तर ती पोटातच अडकून तिचा जीव जाऊ शकतो. यातल्या काही चुका टाळता येतात हे खरंच. पण अनुभवी माणसांच्या हातूनही त्या होतात.

कारण हवं असेल तर शवविच्छेदन करता येतं. त्यासाठी मृतदेह पिशवीत घालून, अन्नापासून दूर, फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रीझरमध्ये नव्हे, कारण बर्फाने पेशी फाटतात. त्याआधी प्राणी खरोखर मेला आहे ना, याची पशुवैद्यकाकडून खात्री करावी. गारठलेला सरपटणारा प्राणी मेल्यासारखा दिसतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत; या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

मुलांना 'तो झोपलाय' सांगू नये. लहान मूल मग स्वतःच झोपायला घाबरतं. 'तो मेला, आता परत येणार नाही' हे सरळ शब्द त्यांना झेपतात. पुरताना त्यांना सोबत घ्यावं. मोठ्यांसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची दूरध्वनी सेवा आहे. तिथे प्रशिक्षित विद्यार्थी फक्त ऐकून घेतात, मग गेलेला प्राणी कुत्रा असो वा सरडा.

आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो पाळता येत नाही.

पिंजरा लगेच आवरायची घाई नको. पण दिव्याचा टायमर मात्र बंद करावा. नाहीतर रोज सकाळी तो रिकाम्या फांदीवर उजेड पाडत राहतो.