बाग आपली, श्रम आपले. पण वेठ नव्हे!

आपल्या पुष्कळशा वस्त्यांच्या आसपास पालिकेची एखादी बाग असते. कागदावर ते 'उद्यान' असते. प्रत्यक्षात फाटकाचे दार गायब, झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या लोंबणाऱ्या, कोपऱ्यात डेब्रिजचा ढीग. दिवे बंद असल्यामुळे आपल्या मुली-सुना संध्याकाळी तिकडे फिरकत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत वाढणाऱ्या मुलांना धावायला मात्र हीच काय ती जागा.

अशा वेळी विहारातील वंदना आटोपल्यावर एखादा तरुण म्हणतो, "चला, आपणच बाग नीट करू." त्यावर सफाई खात्यात हयात घालवलेले एखादे वडीलधारे विचारतात, "बाबा रे, पिढ्यान्‌पिढ्या झाडू आपणच मारला. आता फुकटही मारायचा?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आपल्या वाडवडिलांनी वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस गावकीची कामे केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, पण ही वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली आहे. तेव्हा फुकट श्रमाची चीड आपल्या रक्तात असेल, तर ती योग्यच आहे.

मग श्रमदान आणि वेठ यांत फरक कसा ओळखायचा? तीन गोष्टी पाहाव्यात. काम करायचे हे कोणी ठरवले? त्याचा लाभ कोणाला? आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे काय? स्वतः ठरवून, आपल्या लेकरांसाठी केलेले काम ते श्रमदान. वसाहतीत समिती दुसऱ्यांची, फोटो दुसऱ्यांचे आणि खराटा तेवढा आपल्या बायाबापड्यांच्या हाती, असे झाले की ती वेठच. हीच कसोटी घरातही लावावी. बैठकीत बोलायला पुरुष आणि रोज पाणी घालायला महिला मंडळ, ही वाटणी समतेची नव्हे.

हक्क आधी, झाडू मागाहून

बाग सुधारण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. ती बाग म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह चालत जावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ साल लागले. पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, रस्ते यांच्या जोडीला लोकांचा राबता असलेल्या सार्वजनिक जागाही आल्या. आपली बाग या ओळीत बसते.

म्हणून पालिकेचे काम पालिकेकडूनच करून घ्यावे. डेब्रिज उचलणे, दिवे लावणे, भिंत बांधणे, माळी नेमणे यांसाठी आपण कर भरतो. ही कामे आपण अंगावर घेतली, तर एका कामगाराची जागा कमी करायला आपणच कारण पुरवू. स्वयंसेवकांनी करायचे ते वेगळे : रोपांना पाणी, मुलांच्या खेळाची शिस्त, झाडांची नोंद आणि जागेवर डोळ्यांत तेल घालून पाळत.

न्यूयॉर्कचा धडा

श्रम पुरेसे आहेत काय, याचे उत्तर सातासमुद्रापलीकडे मिळते. १९७३ साली न्यूयॉर्क शहरात बावरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कचऱ्याने भरलेली एक ओसाड जागा होती. लिझ क्रिस्टी ही चित्रकार तरुणी आणि तिच्या शेजाऱ्यांनी ती साफ केली, माती आणली, वाफे केले. हे लोक तिथेच थांबले नाहीत. पालिकेशी बोलून १९७४ साली महिना एक डॉलर भाड्याने त्यांनी ती जागा रीतसर घेतली. त्यांचे पाहून गरीब वस्त्यांतूनही अशा बागा उभ्या राहिल्या.

पण जमीन शहराची होती. १९९९ साली तिथल्या महापौरांनी शंभराहून अधिक बागांच्या जागा लिलावात काढल्या. वर्षानुवर्षांचा घाम एका नोटिशीत वाहून जाण्याची वेळ आली. लोक रस्त्यावर उतरले, आणि अखेर दोन संस्थांनी त्या जागा पैसे मोजून विकत घेतल्या तेव्हा त्या वाचल्या. घामाने बाग फुलते, पण टिकते ती कागदाने.

आपल्याकडचा कागद म्हणजे शहराचा विकास आराखडा. आपला भूखंड त्यात 'उद्यान' किंवा 'क्रीडांगण' म्हणून आरक्षित आहे का, ते पालिकेत जाऊन पाहावे. आरक्षित जमीन खासगी मालकीची असेल आणि दहा वर्षांत ताब्यात घेतली गेली नसेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही, तर आरक्षणच संपते. तिथे इमारत उभी राहिली की नातवंडांना बाग फक्त गोष्टीत सांगायची! माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून हाताशी आहे. अर्जाची फी दहा रुपये. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हा अर्ज लिहायला शिकवावा.

वर्षावासात आरंभ

कामाला आषाढ पौर्णिमेचा मुहूर्त उत्तम. त्या दिवसापासून वर्षावास सुरू होतो, विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतात आणि पाऊसही हात देतो. उद्यान खात्याची परवानगी घेऊन कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, ताम्हण अशी इथली झाडे लावावीत. बोधिवृक्ष हवाच, पण भिंतीपासून आणि पाण्याच्या पाइपापासून दूर. पिंपळाची मुळे बांधकाम फोडतात. जमीन भरावाची असली तरी निराश होऊ नये. धारावीलगतच्या कचराभूमीवर १९८३ साली डॉ. सालिम अलींच्या हस्ते वृक्षारोपण झाले. तिथे आज सुमारे ३७ एकरांचे निसर्ग उद्यान आहे.

खरी परीक्षा दिवाळीनंतर. वृक्षारोपणाला सारे येतात, एप्रिलमध्ये बादली घेऊन कोण येतो? प्रत्येक रोप एका घराला वाटून द्यावे. रोपाशेजारी बुडाला छिद्र पाडून वात बसवलेले मडके पुरावे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी त्यात ओतले की मुळाशी ओल राहते. झाडे मोठी झाली की त्यांची यादी करून प्रत विहारात ठेवावी. शहरात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडणे १९७५ च्या कायद्याने गुन्हा आहे. यादी असली तर तक्रारीला बळ येते.

पाली भाषेत 'आराम' या शब्दाचा एक अर्थच बाग असा आहे. भगवान बुद्धांना बिंबिसार राजाने वेळुवन दिले, अनाथपिंडिकाने जेतवन. आपण राजे नाही, श्रेष्ठीही नाही. आपल्यापाशी रविवारची सकाळ, एक बादली आणि संविधानाने दिलेला हक्क आहे. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर चार जणांनी बाग पाहून यावी, आणि सोमवारी दोघांनी अर्ज घेऊन पालिकेत जावे. जयभीम!